किलोचा हिशोब: जुहू ते अगत्ती

लहान विमानाच्या काउंटरवर बॅग काट्यावर ठेवली आणि आकडा पंधराच्या पुढे गेला, की प्रवाशाच्या मनात पहिली शंका येते ती कंपनीच्या हावरेपणाची. डायव्हिंगचं सामान घेऊन निघालेल्यांच्या तर हमखास. माझी नोकरीची बहुतेक वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला गेली, लहान विमानांच्या लोडशीट, म्हणजे वजनाचे तक्ते, भरण्यात. निवृत्तीनंतर तारकर्लीला स्कूबा शिकले आणि आता माझीच बॅग त्या काट्यावर चढते. दोन्ही बाजू पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. किलोची मर्यादा ही आकाशातली फार जुनी शिस्त आहे आणि पैसा त्या गोष्टीत पुष्कळ उशिरा आला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ घेऊन निघाले तेव्हा विमानात टपाल होतं सुमारे २५ किलो. आज एका डायव्हरची भरलेली बॅग एवढी सहज होते. लंडनहून इम्पीरियल एअरवेजची टपालसेवा १९२९ पासून कराचीपर्यंत येत होती. तिथून पुढचा पल्ला टाटांनी उचलला. वाटेत अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले आणि मग विमान जुहूच्या चिखलमैदानावर उतरलं. तिथून पुढे मद्रासकडे टाटांचे सहकारी नेव्हिल व्हिंटसेंट टपाल घेऊन गेले. पावसाळ्यात जुहू पाण्याखाली जायचं, म्हणून सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे. अशा विमानाला टपाल किती आणि पेट्रोल किती, हे उड्डाणाआधी ठरवावंच लागायचं. एक वाढवलं की दुसरं कमी.

इम्पीरियल एअरवेजचा त्या काळातला प्रवाशांसाठीचा नियम मला आजही सगळ्यात प्रामाणिक वाटतो. माणूस आणि त्याचं सामान मिळून १०० किलो. तुम्ही ८५ किलोंचे असाल तर तुमच्या पेटीला उरले १५. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर प्रवासी स्वतः काट्यावर उभे राहत आणि आकड्याची तबकडी फक्त कारकुनाला दिसेल अशी वळवलेली असे. विमानाला माणूस आणि पेटी यांतला फरक कळत नाही, हे त्या नियमाने सरळ मान्य केलं होतं.

पुढे विमानं मोठी झाली. युद्धानंतर आंतरराष्ट्रीय मार्गांवर पहिल्या वर्गाला ३० किलो आणि टूरिस्ट वर्गाला २० किलो असा पायंडा पडला, आणि माणसाला काट्यावर उभं करणं थांबलं. त्याच्या जागी सरासरी आली. आपल्याकडे लोडशीटवर प्रौढ प्रवासी म्हणजे हातातल्या पिशवीसकट ७५ किलो, असं धरतात. दीडशे जणांच्या विमानात ही सरासरी चालते. एक पहिलवान आणि एक शाळकरी मुलगी एकमेकांना सांभाळून घेतात. पंधरा जणांच्या विमानात तसं होईलच असं नाही. त्यात डायव्हर म्हणजे सरासरीच्या अगदी उलट प्रकरण. ते एकेकटे येत नाहीत, सहा-आठ जणांचा कंपू येतो. सगळ्यांचं सामान सारखंच जड, आणि बॅगेचं वजन भरू नये म्हणून रेग्युलेटर, कॅमेऱ्याचं घर, टॉर्च असं सगळं दाटीवाटीने हातातल्या पिशवीत कोंबलेलं. काही जण तर जॅकेटच्या खिशांत सामान भरून येतात. काटा चुकवता येतो, पण ते किलो शेवटी विमानातच चढतात. कागदावर प्रत्येक जण ७५, आणि शिडी चढताना प्रत्येकाची पिशवी खांद्यात रुतलेली.

अशी लहान विमानं चालवणारी वायुदूत कंपनी १९८१ साली सुरू झाली आणि पुढे तिच्याकडे कानपूरला एचएएलने बांधलेली डॉर्निअर २२८ विमानं आली. हे विमान कागदावर कसं दिसतं ते सांगते. जास्तीत जास्त एकोणीस आसनं, सामानासाठी एक कप्पा नाकात आणि एक शेपटीकडे. म्हणजे बॅगा किती, एवढ्यावर भागत नाही. कुठे, हे त्याहून महत्त्वाचं. एकूण वजन मर्यादेत असूनही शेपूट जड झालं तर नाक आपोआप वर उचललं जातं आणि वैमानिकाने दांडा पूर्ण पुढे ढकलला तरी ते खाली येईलच याची खात्री राहत नाही. म्हणून आम्ही ट्रिम, म्हणजे विमानाचा तोल, हाताने काढायचो: आलेखावर पेन्सिलीची रेघ, प्रत्येक रांगेसाठी आणि प्रत्येक कप्प्यासाठी एक टप्पा. रेघ चौकटीबाहेर गेली की कुणाला तरी पुढच्या आसनावर बसवायचं किंवा बॅग नाकात हलवायची. तेवढ्याने जमलं नाही तर ऑफलोड, म्हणजे बॅग खाली.

मालवणकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. रिकाम्या गलबताच्या तळाशी दगडांचं नीरम भरताना तांडेल जी जागा निवडतो, तीच विद्या ही.

लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावरचा विमानतळ १९८८ मध्ये सुरू झाला. बेट जेमतेम सहा किलोमीटर लांब आणि निमुळतं होत गेलेलं. त्याच्या दक्षिण टोकावर धावपट्टी, तिन्ही बाजूंना समुद्र. आज ती सुमारे १२०० मीटर आहे. मोठ्या शहरांच्या धावपट्ट्या तीन हजार मीटरच्या आसपास असतात, त्यावरून अंदाज करा. कोचीहून साधारण ४६० किलोमीटर पाण्यावरून यायचं, आणि लक्षद्वीपमध्ये उतरायला दुसरी धावपट्टी नाही. अगत्तीवर ढग दाटले तर मागे फिरण्याइतकं इंधन पोटात हवंच. ते इंधनही किलोतच मोजतात. तापलेल्या दुपारी हवा विरळ होते, पंख आणि इंजिन दोन्ही कमी उचलतात. धावपट्टी ओली असली किंवा वारा पाठीमागून असला की आणखी कमी. त्यामुळे सकाळी गेलेलीच बॅग दुपारी मागे राहू शकते. प्रवाशाला हा लहरीपणा वाटतो, पण आकडे त्या दिवसाचे, त्या तासाचे असतात.

याच विमानतळामुळे बंगारामच्या प्रवाळात उतरायला लोक येऊ लागले. अगत्तीला उतरायचं आणि पुढे होडी. तोवर डायव्हिंगच्या सामानाचा पसाराही बदलला होता. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्याँ यांनी अ‍ॅक्वालंग तयार केला तेव्हा पाठीवर पोलादी नळकांडी होती; नंतर अ‍ॅल्युमिनियमची आली. आजची नेहमीची टाकी रिकामीच चौदा किलोंच्या आसपास भरते. टाकी आणि शिसं हे दोन सगळ्यात जड जिन्नस. ते बेटावरच ठेवायचे आणि बाकीचं प्रवाशाने आणायचं, ही वाटणी जगभरच्या बेटांवर रूढ झाली. माझ्या मते डायव्हिंगचा प्रवास सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्यात तिचा वाटा मोठा आहे. मग उरतं काय? जॅकेट तीन-चार किलो, फिन्स, रेग्युलेटर, मास्क, सूट. सगळं मिळून दहा-बारा. कपडे, औषधं आणि कॅमेरा धरला की पंधराची रेघ आलीच.

ही रेघ ओलांडल्याची किंमत पुस्तकी नाही. २५ ऑगस्ट २००१ रोजी बहामाच्या मार्श हार्बरहून गाण्याचं चित्रीकरण आटोपून अमेरिकन गायिका आलिया सेस्ना ४०२ विमानातून निघाली. बरोबर माणसं आणि चित्रीकरणाचं सामान होतं. विमान मर्यादेपेक्षा जड होतं आणि भार मागे गेला होता. धावपट्टी सुटताच ते कोसळलं. नऊच्या नऊ जण गेले. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लटला एकोणीस आसनांचं बीचक्राफ्ट १९०० पडलं, एकवीस जण गेले. त्यात देखभालीची मोठी चूक होतीच, शेपटीच्या पंखाची तार नीट बसवलेली नव्हती. पण कागदावर मर्यादेत असलेलं विमान प्रत्यक्षात जड आणि शेपटीकडे झुकलेलं होतं. सरासरी खोटी पडली होती. त्यानंतर तिथल्या नियामकांनी लहान विमानांच्या प्रवाशांना खरोखर काट्यावर उभं केलं आणि माणसाचं नि बॅगेचं सरासरी वजन वाढवलं. २०१२ मध्ये सामोआ एअरने तर तिकीटच किलोवर लावलं, माणूस आणि सामान एकत्र. जगभर चेष्टा झाली. मला मात्र क्रॉयडनची तबकडी आठवली. त्यांच्या ताफ्यात आयलंडर आणि सेस्नासारखी विमानं होती. त्यांच्यासाठी तो नियम अगदी योग्य होता.

डायव्हरने या हिशोबावर चिडावं याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण पाण्याखाली तो दुसरं काय करत असतो? कमरेला एक किलो शिसं जास्त झालं की तो प्रवाळावर आपटतो. तेच शिसं जागा सोडून सरकलं की पाय बुडतात आणि फिन्स वाळू उडवतात. किती आणि कुठे, हेच दोन प्रश्न तिथेही.

आता गोव्याच्या मोपाहून फ्लाय ९१ ची एटीआर थेट अगत्तीला जाते, २०२४ पासून. कोकणातल्या डायव्हरला कोचीचा वळसा उरला नाही. विमान मोठं झालं, पण धावपट्टी तेवढीच आहे. मी तिकीट काढतानाच सामानाचा खरा आकडा कळवते, दोन किलो कमी करून सांगत नाही. फिन्स आणि सूट बॅगेत, रेग्युलेटर आणि कॉम्प्युटर हातात. टॉर्चची बॅटरी काढून वेगळी, कारण पाण्यातला टॉर्च चुकून सुरू झाला तर तापतो. असा टॉर्च न्यायला कंपनीची परवानगी लागते.

कंपन्यांकडेही माझं एक मागणं आहे. बॅग मागे ठेवताना काउंटरवरची मुलं एवढंच म्हणतात, “लोड रिस्ट्रिक्शन आहे, उद्याच्या फ्लाइटने येईल.” माझीही बॅग अशी राहिली आहे. तापमान, वारा, इंधन, आज उचलता येणारं वजन, हे चार आकडे लोडशीटवर लिहिलेलेच असतात. ते एका पाटीवर खडूने लिहून काउंटरशेजारी ठेवायला एक मिनिट लागेल.