धुऱ्यावरची हरळी

पारशिवनीच्या शिवारातील कास्तकार पिढ्यानपिढ्या ज्या तृणाशी झुंजत आला, ज्याची मुळे वखराच्या पासेला दाद न देता काळ्या जमिनीत हातभर खोल उतरत, आणि ज्याच्या उच्चाटनासाठी ऐन वैशाखात कुदळीने शेत खणून ढेकळे उन्हात तापत ठेवावी लागत, तीच हरळी नागपुरातील साहेबांच्या बंगल्यांपुढील हिरवळीचा मुख्य आधार ठरली, ही घटना आमच्या प्रांताच्या इतिहासात लहान असली तरी मला फार अर्थपूर्ण वाटते.

1821 साली कामठीस छावणी बसली, 1854 साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि 1861 साली मध्यप्रांताची राजधानी म्हणून नागपूर मुक्रर झाले. तेव्हा येथे आलेल्या इंग्रज अंमलदारांच्या मनात हिरवळीचे जे चित्र होते, ते बारमाही रिमझिम पडणाऱ्या शीतल बेटावरचे होते. तिकडची राय, फेस्क्यू ही मऊ गवते थंडाव्यात वाढणारी. येथे मृगापासून चार महिने धो धो पाऊस, पुढे आठ महिने कोरडे, मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे, आणि काळ्या मातीला हात शिरेल एवढ्या भेगा! अशा हवेत, तीस अंशांच्या आसपासच जिची वाढ सर्वांत जोमाने होते, त्या हरळीवाचून गत्यंतर नव्हते. राज्यकर्त्यांच्या अभिरुचीवर येथील हवामानाने दिलेला हा निवाडाच होय.

तिच्या लागवडीची रीत माळ्यांच्या हातून सिद्ध झाली. उन्हाळ्यात जमीन फूटभर खणून नागरमोथ्याच्या गाठी वेचून काढायच्या, शेणखत मिसळून जमीन सपाट करायची, आणि पाऊस लागताच हरळीच्या मुळ्यांचे तुकडे चार-सहा बोटांच्या अंतराने टोचायचे, किंवा ते बारीक तोडून शेणमातीच्या काल्यात कालवून जमिनीवर सारवायचे. प्रत्येक पेराला मूळ फुटत असल्याने पावसाळ्यातच भूमी झाकली जाई. मात्र कडुनिंबाच्या वा आंब्याच्या दाट सावलीत ती विरळ होते, आणि एका कापणीत उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक छाटली तर खंगते. अशा कापणीचे यंत्र विलायतेतले: 1830 साली ग्लॉस्टरशायरमधील एडविन बडिंग याने लोकरी कापडावरील लव कातरण्याच्या यंत्रावरून गवत कापण्याचे यंत्र रचले. पुढे अमेरिकेतील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी हरळीचा आफ्रिकेतील तिच्या भगिनीशी संकर करून क्रीडांगणांसाठी नाजूक वाण निपजविले. त्यांतील नामांकित टिफवे वाणाला बी धरत नाही, त्यामुळे त्याचीही लागवड मुळ्या-कांड्यांचे तुकडे रोवूनच करावी लागते.

जमाबंदीच्या दप्तराने मात्र गवताकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. बंदोबस्ताच्या वेळी काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी जमिनीची प्रतवारी झाली, आणि चराईचे व निस्ताराचे, म्हणजे सरपण-चारा घेण्याचे, हक्क वाजिब-उल-अर्ज या गावच्या हक्कनोंदीत नोंदले गेले. 1951 साली मालगुजारी ही जमीनदारी पद्धत संपुष्टात येईपर्यंत गवत म्हणजे गुराढोरांचा घास, हाच त्या कागदांचा अर्थ होता. ज्या गवताला गुरांचे तोंड लागू द्यायचे नाही, त्याचा सांभाळ करण्याची कल्पना या व्यवस्थेला सर्वस्वी परकी होती, आणि ते परकेपण मला आजही रास्त वाटते.

आज हिरवळीचा प्रश्न पाण्याचा झाला आहे. पारशिवनी तालुक्यातील नवेगाव खैरीच्या जलाशयातून पेंचचे पाणी नागपूरकरांच्या नळाला जाते. त्याच नदीवर शेतीचे ओलीत आणि कोराडीचे वीजकेंद्र यांचाही भार आहे. वैशाखात पिवळी पडलेली हरळी मेलेली नसते; तिचे प्राण भूमिगत कांड्यांत सुरक्षित असतात आणि मृगाच्या पहिल्या सरींनंतर आठ-पंधरा दिवसांत ती पुन्हा पालवते. यास्तव चैत्रापासून मृगापर्यंत बागांतील हिरवळीस नळाचे पाणी देणे नागपूरकरांनी थांबवावे, तेवढे दोन महिने तिला पिवळीच राहू द्यावी, आणि वाचलेले पाणी पेंचच्या कालव्याखालील शेतांसाठी राखावे, असे मी आग्रहाने सुचवितो.