परक्या अंगणातला किल्ला

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तट, तोफा आणि तहनामे उभे राहतात. परंतु पोरांच्या खेळांनाही इतिहास असतो, आणि राज्यांप्रमाणे त्यांनाही उदय आणि अस्त असतो. अशाच एका राज्याची हकिगत मी आज वाचकांना सांगणार आहे. ते संगणकाच्या पडद्यावर १९९६ साली उभे राहिले आणि २०२० च्या अखेरीस बुडाले. त्याचे नाव फ्लॅश.

ह्या राज्याचा मूळपुरुष जोनाथन गे नावाचा अमेरिकन. लहानपणी त्याला ठोकळ्यांच्या इमारती रचण्याचा नाद होता; पुढे तो संगणकासाठी आज्ञावल्या रचू लागला. १९९३ साली त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी लेखणीने चालणाऱ्या संगणकांसाठी चित्रे काढण्याचे एक साधन केले. पण ते संगणकच बाजारात चालले नाहीत! तेव्हा त्याच साधनात चित्रे हलवण्याची सोय करून ते इंटरनेटकडे वळले. १९९६ च्या अखेरीस मॅक्रोमीडिया कंपनीने ते विकत घेतले आणि त्याला फ्लॅश हे नाव दिले.

त्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून येई, आणि एक छायाचित्र पुरते उमटेपर्यंत चहा पिऊन होई. गे ह्यांची युक्ती अशी, की चित्राचा एकेक ठिपका पाठवायचाच नाही. रेषा कोठून निघते, कशी वळते, एवढेच कळवायचे, आणि चित्र पाहणाऱ्याच्या संगणकाने काढायचे. निरोप लहान, म्हणून प्रवास जलद.

हे साधन हलत्या चित्रांसाठी होते. त्यातून खेळ करावा, असे कोणी योजले नव्हते. खेळाला स्मरण लागते: किती गुण झाले, कोणते दार उघडले. सुरुवातीच्या फ्लॅशला ते स्मरण नव्हते. तरीही १९९९ साली टॉम फल्प ह्या तरुणाने त्यातच एक लांबलचक खेळ बसवला. प्रत्येक शक्यतेसाठी वेगळे चित्र करायचे, आणि बटण दाबले की त्या चित्रावर उडी घ्यायची! मी कादंबऱ्या लिहितो. प्रत्येक वळणावर वाचकाला हवे ते पुढचे पान उघडू द्यायचे, तर किती पाने आधीच लिहून ठेवावी लागतील, ह्या विचारानेच मला घाम फुटतो. पुढे २००० साली फ्लॅशला ॲक्शनस्क्रिप्ट ही आज्ञांची भाषा मिळाली. त्याच वर्षी फल्पच्या न्यूग्राउंड्सवर कोणीही आपला खेळ स्वतः मांडावा अशी सोय झाली, आणि शाळकरी पोरेही खेळकर्ती झाली.

आता अस्त. दिवाळीत आपली मुले मातीचे किल्ले करतात. माती त्यांची, मावळे त्यांचे, पण अंगण घरमालकाचे. येथेही तेच झाले. २००५ साली मॅक्रोमीडिया ॲडोबीने घेतली. २००७ साली आलेल्या आयफोनने फ्लॅशला दारात घेतले नाही. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सने जाहीर पत्र लिहून त्याचे दोष सांगितले: सुरक्षितता कमी, बॅटरी लवकर संपते, आणि सारी सत्ता एका कंपनीच्या हाती. आक्षेप खोटे नव्हते. २०१७ साली ॲडोबीने निरोपाची तारीख सांगितली. ३१ डिसेंबर २०२० ला आधार संपला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशचे खेळ त्या जुन्या साधनात उघडेनासे झाले.

हजारो पोरांची करामत अशीच मातीला मिळायची. ती वाचवली कोणी? मालकांनी नव्हे, खेळगड्यांनी! २०१८ साली सुरू झालेल्या फ्लॅशपॉइंटच्या स्वयंसेवकांनी एक लाखाहून अधिक खेळ जमवले. दुसऱ्या काहींनी रफल नावाचा दुभाषी तयार केला. तो फ्लॅशची जुनी भाषा आजच्या संगणकाला समजावून देतो.

शाळेत आम्ही मुलांची वह्या-पुस्तके जपतो, बक्षिसांचे पेले कपाटात ठेवतो. त्यांचे खेळ मात्र घंटा झाली की विसरतो. पोथी वाळवीने खाल्ली तर आपण हळहळतो. खेळ ही मुलांनी रचलेली पोथीच आहे. ती कोणाच्या अंगणात ठेवली आहे, आणि त्या अंगणाची किल्ली कोणाकडे आहे, हे मोठ्यांनी वेळीच विचारले पाहिजे.