पडदा दाखवतो की झाकतो?

संगणकाच्या किंवा फोनच्या काचेला मराठीत आपण पडदा म्हणतो. शब्द मोठा गमतीचा आहे. नाटकाचा पडदा वर गेला की खेळ सुरू होतो आणि दारावरचा पडदा ओढला की घर दिसेनासे होते. सिनेमाचा पडदा दाखवण्यासाठी, तर खिडकीचा झाकण्यासाठी. गेल्या चाळीस वर्षांत संगणकाच्या पडद्याने अंध माणसाशी हे दोन्ही खेळ खेळले आहेत. कधी जग उघडून दाखवले, तर कधी उघडलेले जग पुन्हा झाकून टाकले. त्या खेळाचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

आपल्या फोनवर अधूनमधून सूचना येते, 'नवीन आवृत्ती उपलब्ध आहे.' आपण होकार देतो. दुसऱ्या दिवशी वरचे बटण खाली गेलेले असते, हिरवे चिन्ह निळे झालेले असते. आपण जरा कुरकुरतो, पडद्यावर नजर फिरवतो, हवे ते सापडते आणि दोन दिवसांत सारे विसरून जातो. नजरेची हीच तर सोय आहे. तिला सगळा पडदा एकाच वेळी दिसतो. ज्याला नजर नाही, त्याच्यासाठी मात्र पडदा म्हणजे एकामागून एक ऐकू येणाऱ्या शब्दांची माळ असते. पाचवा मणी 'पाठवा', सातवा मणी 'पुसून टाका', हे त्याने मेहनतीने पाठ केलेले असते. कुणी न विचारता मणी इकडचे तिकडे केले, तर त्याला सगळी माळ पहिल्यापासून ओढावी लागते. म्हणून प्रश्न पडतो : हे बदल अंधांच्या उपयोगी पडतात की त्यांच्या मुळावर येतात?

हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस अंध मुलांसाठी शाळा निघाली, तेव्हा पुस्तके उठावाच्या अक्षरांत छापली जात. ही अक्षरे म्हणजे डोळस माणसाचीच रोमन लिपी, फक्त कागदावर फुगवलेली. शिक्षकांना ती वाचता येत असे, त्यामुळे त्यांना ती फार सोयीची वाटे. मुलांना मात्र एकेक अक्षर बोटाने चाचपत बसावे लागे आणि स्वतः लिहिता तर येतच नसे. त्याच शाळेतल्या लुई ब्रेल या अंध विद्यार्थ्याने सहा ठिपक्यांची लिपी तयार केली आणि १८२९ साली ती छापून प्रसिद्ध केली. पण १८४०च्या दशकात शाळेच्या संचालकांनी या लिपीला बंदी केली. मुले ती चोरून वापरत राहिली. शेवटी मुलांच्या बोटांपुढे संचालकांचे काही चालले नाही. डोळसाला जे सोपे दिसते ते बोटाला सोपे असेलच असे नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता. पुढे तो पुन्हा पुन्हा गिरवावा लागला.

आता संगणकाकडे येऊ. १९८०च्या दशकातले संगणक आठवतात का? काळा पडदा आणि त्यावर हिरवी किंवा पांढरी अक्षरे. आडव्या पंचवीस ओळी, प्रत्येक ओळीत ऐंशी घरे. चित्र नाही, माउस नाही. डोळसांना हा पडदा रूक्ष वाटे, पण अंधांसाठी तो वरदान ठरला. कारण पडद्यावरचे प्रत्येक अक्षर संगणकाच्या स्मृतीत अक्षर म्हणूनच साठवलेले असे. ते उचलायचे आणि कृत्रिम आवाजाच्या यंत्राकडे द्यायचे, की संगणक बोलू लागे. आयबीएम कंपनीत जिम थॅचर या गणितज्ञाने आपले अंध सहकारी जेसी राइट यांच्याबरोबर असे काम केले. त्यातून १९८६ साली 'स्क्रीन रीडर' हे उत्पादन बाजारात आले. आज पडदा वाचून दाखवणाऱ्या कुठल्याही प्रणालीला जगभर याच नावाने ओळखतात.

अमेरिकेतच टेड हेंटर नावाचे एक इंजिनिअर होते. मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेणारे. १९७८ मध्ये मोटार अपघातात त्यांची दृष्टी गेली. ते संगणकाचे काम शिकले आणि १९८७ मध्ये एका भागीदाराबरोबर त्यांनी कंपनी काढली. १९८९ मध्ये तिने 'जॉज' नावाचा स्क्रीन रीडर आणला. या काळात कळफलक आणि आवाज यांच्या भरवशावर अंध माणसे कार्यक्रम लिहू लागली, कचेऱ्यांत बसून पगार मिळवू लागली. शेजारच्या टेबलावरचा डोळस सहकारी जो पडदा वापरी, तोच हेही वापरत.

आणि नेमका तेव्हाच पडदा बदलला. मॅकिंटॉश १९८४ मध्ये आला होता, १९९० मध्ये विंडोजची तिसरी आवृत्ती आली आणि पाहता पाहता कचेऱ्यांतला काळा पडदा जाऊन तिथे चित्रे आली. फायलीचे चित्र, कचऱ्याच्या टोपलीचे चित्र, त्यावर माउसने टिचकी मारायची. सामान्य माणसाला संगणक सोपा झाला तो इथेच, हे मान्य केले पाहिजे. ज्यांना आज्ञा पाठ करायच्या नव्हत्या अशा कोट्यवधी लोकांसाठी दार उघडले. पण त्याच दाराने अंधांना बाहेर ढकलले. कारण आता पडद्यावर अक्षरे नव्हती, अक्षरांची चित्रे होती. लहान लहान ठिपक्यांनी रंगवलेला 'क' संगणकाच्या लेखी 'क' उरला नव्हता. तो फक्त रंगीत ठिपक्यांचा पुंजका झाला होता. पुंजका वाचायचा कसा? आणि माउसचा बाण पडद्यावर कुठे आहे हे दिसल्याशिवाय टिचकी मारायची कुठे?

१९९० साली ग्रेग व्हँडरहायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नव्या पडद्यावर एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच 'संकट, धोका आणि संधी' असे तीन शब्द होते. शब्दांचा क्रम पाहण्यासारखा आहे. कचेरीत नवी प्रणाली बसली की त्या कचेरीतल्या अंध कर्मचाऱ्याची वर्षानुवर्षांची कुशलता निरुपयोगी ठरणार होती. त्याच्यासाठी हा पोटापाण्याचा प्रश्न होता.

मग उत्तर शोधले गेले नाही का? गेले. १९८९ मध्येच बर्कली सिस्टिम्स या कंपनीने मॅकिंटॉशसाठी 'आउटस्पोकन' ही बोलणारी प्रणाली काढली आणि चित्रांचा पडदाही वाचता येतो हे सिद्ध केले. युक्ती अशी होती : संगणक पडद्यावर जे काही काढतो, ते काढण्याची आज्ञा वाटेतच टिपून घ्यायची आणि त्यावरून आपली वेगळी वही लिहीत जायची. इथे हा शब्द लिहिला, इथे ही चौकट काढली. पडदा न पाहता ही वही वाचायची. युक्ती हुशारीची होती, पण नाजूक होती. प्रणाली बनवणाऱ्या कंपनीने चित्र काढण्याची तऱ्हा जराशी बदलली, की वहीत चुका होत आणि स्क्रीन रीडर मुका होई. पडदा बनवणारे पुढे धावत आणि वाचून दाखवणारे मागून दमछाक करत. विंडोजसाठीचा 'जॉज' १९९५च्या जानेवारीत आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आले. पुन्हा धावपळ.

हे चित्र पालटले ते कुणाच्या दयेमुळे नव्हे. मॅसॅच्युसेट्स राज्यात अंधांसाठी सरकारी आयोग आहे. त्याच्या पुढाकाराने राज्याने मायक्रोसॉफ्टला इशारा दिला, की अंध कर्मचाऱ्यांना वापरता येणार नसेल तर सरकारी कचेऱ्यांत विंडोज ९५ घेण्याचा पुनर्विचार करावा लागेल. ग्राहक हातचा जाणार म्हटल्यावर हालचाल झाली. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने अशी एक व्यवस्था आणली, की पडद्यावरची वस्तू स्वतःच सांगू लागली : मी बटण आहे, माझे नाव हे आणि मी आता दाबलेले आहे. आता अंदाजाने वही लिहिण्याची गरज कमी होणार होती. पण गंमत पाहा, त्याच वर्षी त्याच कंपनीचे इंटरनेट एक्सप्लोरर चार आले, ते या व्यवस्थेला वगळूनच. अंधांच्या संघटनांनी गदारोळ केला, तेव्हा थोड्याच काळात सुधारित आवृत्ती काढावी लागली. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये अमेरिकेने कायदा दुरुस्त करून केंद्र सरकारच्या खात्यांनी अपंगांना वापरता येईल असेच तंत्रज्ञान घ्यावे असे ठरवले.

बदल करतानाही जुन्याची आठवण ठेवता येते, याचा एक चांगला दाखलाही याच कंपनीचा आहे. २००७च्या ऑफिसमध्ये जुन्या मेनूंच्या जागी चिन्हांची रुंद पट्टी आली. डोळस वापरकर्तेही गोंधळले. पण जुन्या आवृत्तीत कळफलकावरून दाबायच्या कळींचा जो क्रम होता, तो नव्या आवृत्तीतही बराचसा चालू ठेवला गेला. घर नवे झाले, पण जुनी किल्ली लागत राहिली. ज्याचा सगळा व्यवहार कळींवर चालतो, त्याला शिकायला उसंत मिळाली.

याच वर्षी आयफोन आला आणि वाटले, आता संपलेच सगळे. फोनवरची बटणे हा अंधांचा मोठा आधार. पाचच्या बटणावर उंचवटा असे, त्यावरून बाकीची बटणे बोटांना कळत. इथे तर नुसती गुळगुळीत काच! पण २००९च्या आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' ही सोय आली. काचेवर बोट फिरवले की बोटाखाली काय आहे ते फोन बोलून सांगतो. हवे ते ऐकू आले की दोनदा टिचकी मारायची. बोट बाजूला सरकवले की माळेतला पुढचा मणी. विशेष म्हणजे ही सोय वेगळी विकत घ्यायची नव्हती, प्रत्येक फोनमध्ये ती होतीच. त्याच वर्षी अँड्रॉइडमध्ये 'टॉकबॅक' आले. जो पडदा सर्वांत बंद वाटत होता, तो सर्वांत खुला झाला. पडद्यावर अमुक गोष्ट डावीकडे की उजवीकडे, वर की खाली, हे अंध माणसाच्या बोटाला थेट कळू लागले. काळ्या पडद्याच्या सुवर्णकाळातही ही सोय नव्हती.

तरी पैशांचा प्रश्न होताच. संगणकावरचे चांगले स्क्रीन रीडर संगणकापेक्षा महाग असत. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये 'एनव्हीडीए' लिहायला घेतले. जेम्स तेह हा त्याचा तसाच अंध मित्र त्याला येऊन मिळाला. हा स्क्रीन रीडर कुणालाही फुकट मिळतो आणि त्याच्यासोबत येणारा आवाज मराठीही बोलतो. जरा यांत्रिक बोलतो, पण बोलतो. आपल्यासारख्या देशात याचे मोल वेगळे सांगायला नको.

न विचारता केलेल्या बदलाचा अनुभव आपल्या देशाला संगणकाबाहेरही आला. पूर्वीची शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब होती आणि पाचशेची १६७. हा दहा मिलिमीटरचा फरक अंध माणसाच्या बोटांना पाठ होता. २०१६ नंतरच्या नव्या मालिकेत शंभर, दोनशे आणि पाचशे यांच्यात चार-चार मिलिमीटरचाच फरक उरला. बोटे फसू लागली. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी 'मनी' नावाचे अ‍ॅप आणले. फोनच्या कॅमेऱ्यापुढे नोट धरली की फोन ती कितीची हे सांगतो. कागदाने घेतलेले पडद्याने काही अंशी परत दिले. पण मंडईच्या गर्दीत, एका हातात पिशवी असताना, प्रत्येक नोटेसाठी फोन काढायचा म्हणजे काय होते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

आता बँक, रेशन, पेन्शन सारेच पडद्यावर आले आहे. ओळख पटवण्यासाठी फोन सांगतो : चेहरा चौकटीत आणा, डोळे मिचकावा. ज्याला चौकट दिसत नाही त्याने काय करावे? आणि अ‍ॅसिड हल्ल्यात ज्यांचे डोळे भाजले त्यांनी काय मिचकावावे? हा प्रश्न घेऊन अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने वीस निर्देश दिले आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे स्पष्ट केले.

या साऱ्या इतिहासातून मला एकच गोष्ट दिसते. बदल मोठा की छोटा, यावर त्याचा त्रास ठरत नाही. आयफोनचा बदल प्रचंड होता आणि तो पचला. बटणाचे नाव सांगायचे राहून गेले, एवढा चिमुकला बदल मात्र एखाद्याचे बँकेचे खाते बंद केल्यासारखा असतो. बदल ठरत असताना, पडदा रेखाटला जात असताना, तिथे अंध माणूस बसलेला होता का, यावरच सारे ठरते. नंतर डागडुजी करायला बोलावले तर तो कायम मागेच राहतो.

पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात सॉफ्टवेअर लिहिणारी पुष्कळ तरुण मुले-मुली आपल्या घरोघरी आहेत. त्यांना एक विनंती. आज सुट्टी आहे. आपल्या फोनवर टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर सुरू करा, डोळे मिटा आणि आपणच बनवलेल्या अ‍ॅपवरून कुणाला तरी दहा रुपये पाठवून पाहा. किती वेळ लागला आणि कुठे अडलात, ते कागदावर लिहून काढा. उद्या कचेरीत गेल्यावर पहिले काम त्या कागदाचे करा.