लेखाशास्त्राचे दूरशिक्षण
रोजकीर्द, खतावणी व तेरीज ही द्विनोंदी पद्धतीची अंगे ग्रंथावरून शिकता येतात. व्हेनिस येथे १४९४ मध्ये मुद्रित झालेला लूका पाचोली याचा ग्रंथ याचा साक्षी आहे. परंतु तेरीज जुळली, तरी चुकीच्या खात्यावरील नोंद तीत उघड होत नाही आणि एकट्याने शिकणारा नेमका येथेच फसतो. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले; मात्र अशा शिक्षणात तपासलेली उत्तरे टपालाने परत येईपर्यंत चूक अंगवळणी पडण्याचा संभव असे. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या संगणकप्रणालीवर (१९६०) पुढे लेखाशास्त्राचेही धडे आले व उत्तराचा निर्णय तत्काळ मिळू लागला. खर्च भांडवली की महसुली, यांसारखे वादाचे प्रश्न मात्र यंत्राच्या निर्णयाने सुटत नाहीत. म्हणून संमिश्र अध्यापनात नोंदींचा सराव संगणकावर व अशा प्रकरणांची चर्चा वर्गात, ही विभागणी अधिक सयुक्तिक ठरते.