पावतीपुस्तकाचं घराणं

गुरुपौर्णिमेच्या आदल्या रविवारी गायनक्लासच्या खोलीत डोकावलं, तर गाणं सोडून सगळं ऐकू येतं. जाजम कुणाकडून आणायचं? तबलजींचं पाकीट वेगळं ठेवलंय का? स्मरणिकेतली मिठाईवाल्यांची अर्ध्या पानाची जाहिरात आली की पुन्हा फोन करायचा? या गलक्यात मधोमध ताई बसलेल्या. एका हाताला गवसणीतला तंबोरा, दुसऱ्या हाताला पावतीपुस्तक. रक्कम लिहायची, कार्बन सरकवायचा, पावती फाडून द्यायची, आणि त्याच दमात कोपऱ्यातल्या मुलाला सांगायचं, ‘अरे, भूपात मध्यम कुठून आणलास?’

ताईंना घराणं विचारा. त्यांच्या गुरूंपासून निघून विनायकबुवा पटवर्धन, विष्णु दिगंबर पलुसकर, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, वासुदेवबुवा जोशी असं करत त्या थेट ग्वाल्हेरच्या हस्सू-हद्दू खाँपर्यंत पोचतात. पण तंबोऱ्याशेजारी पावतीपुस्तक कुठून आलं, हे त्यांना कुणी विचारत नाही. खरं तर क्लास तंबोऱ्यावर जेवढा उभा असतो तेवढाच या पुस्तकावर. त्यालाही एक घराणं आहे, आणि तेही ग्वाल्हेर गायकीसारखंच मिरजेवरून जातं.

बाळकृष्णबुवांच्या पिढीत गाणं शिकण्याला फी नव्हती. पण फुकटही काही नव्हतं. किंमत वर्षांमध्ये मोजली जायची. गुरूच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, पडेल ते काम करायचं आणि गुरूच्या मनात येईल तेव्हा येईल तेवढं घ्यायचं. गुरूच्या पोटाची सोय संस्थानिक बघत. या व्यवस्थेनं थोर गवई दिले यात शंका नाही. मात्र संध्याकाळी तासभर मोकळा असलेल्या कारकुनाला, शाळकरी मुलाला किंवा घरंदाज म्हणवणाऱ्या घरातल्या मुलीला त्या दारातून आत जायला वाट नव्हती.

वाट काढायचे प्रयत्न शहरांत सुरू झाले होते. 1870 मध्ये मुंबईत कैखुशरू काबराजींनी पारशी गायन उत्तेजक मंडळी काढली. 1874 मध्ये पुण्यात गायन समाज निघाला. सभासद, वर्गणी, सभा, अहवाल हा त्या काळच्या शिकलेल्या वर्गाचा आवडता कारभार आता गाण्याच्या वाट्यालाही आला. 1886 मध्ये बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी वेगळी तऱ्हा काढली. मौलाबक्ष यांच्या हाती त्यांनी सरकारी गायनशाळाच दिली. दरबारचा गवई तिथे शाळामास्तर झाला. आठवड्याचं वेळापत्रक आलं, छापील पुस्तकं आली, स्वर कागदावर उतरवायची पद्धत आली. पगार मात्र खजिन्यातून. महाराजांना संगीताची आणि शिक्षणाची कळकळ होती, म्हणून ते चाललं. ज्या गावाला असे महाराज नव्हते, त्या गावानं काय करायचं?

याचं उत्तर ज्यानं शोधलं तो कीर्तनकाराचा मुलगा होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. विष्णु दिगंबरांचा जन्म 1872 मध्ये कुरुंदवाडला झाला. वडील दिगंबरबुवा कीर्तन करत. कीर्तन संपलं की आरतीचं तबक फिरतं. कुणी आणा टाकतो, कुणी पैसा, कुणी नुसता हात जोडतो. कुणाचं किती हे कुणी बघत नाही, आणि तेवढ्यावर कीर्तनकाराचं घर चालतं. लहानपणी दिवाळीत दारू उडून विष्णूची दृष्टी अधू झाली, शाळा सुटली आणि मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं सुरू झालं. तिथे त्यानं पैशाची दुसरी वाट पाहिली, संस्थानिकांच्या मेहेरबानीची. एका समारंभाचं बोलावणं शिष्याला आलं आणि ‘ते तर गवई’ म्हणून गुरूला आलं नाही, ही गोष्ट त्याच्या मनाला लागली असं सांगतात. 1896 मध्ये त्यानं मिरज सोडली. पुढे सौराष्ट्रात त्यानं तिकीट लावून जाहीर गाणं केलं. एका राजानं बिदागी द्यायच्या ऐवजी शंभर माणसांनी थोडेथोडे द्यावेत, हा खरं तर तबकाचाच हिशोब. फरक एवढाच, की पैसे गाण्याच्या आधी घ्यायचे आणि बदल्यात कागदाचा एक तुकडा द्यायचा.

5 मे 1901 रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय उघडलं. मराठी माणसानं, मराठी मुलखापासून इतक्या दूर, कुठल्याही दरबाराचा आधार न घेता. फी होती, देणग्या होत्या आणि कमी पडेल तिथे बुवांचे स्वतःचे जलसे होते. पुस्तकं छापायला छापखाना आला, ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक निघालं, वाद्यं दुरुस्त करायची सोय झाली. स्त्रियांसाठी वेगळे वर्ग भरले. गाणं म्हणजे कुठलं तरी भलतं वळण, असं मानणाऱ्या घरांना चालेल असं वातावरण बुवांनी मुद्दाम उभं केलं. वेळेवर यायचं, नीटनेटकं बसायचं, सुरुवातीला प्रार्थना म्हणायची. आजच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी जी शिस्त दिसते, ती बरीचशी तिथली आहे.

या शाळेतला मला सर्वात विलक्षण वाटणारा भाग म्हणजे उपदेशक वर्ग. फी देऊ न शकणाऱ्या मुलांना बुवा ठेवून घेत. राहणं, जेवण, शिक्षण सगळं विद्यालयाचं. त्याबदल्यात मुलानं नऊ वर्षांचा करार करायचा आणि तयार झाल्यावर इतरांना शिकवायचं. गुरुकुलातली वर्षं तीच राहिली, पण त्यांची लेखी बोली झाली. फी देणारा विद्यार्थी शाळेला आजचा खर्च देत होता आणि फी न देणारा उद्याचा मास्तर. पावतीपुस्तकाच्या घराण्यात ही एक जोडओळ आहे. तिच्यावर रक्कम नसते, पण हिशोब असतो.

1908 मध्ये बुवा मुंबईला आले. इथे व्याप वाढला आणि सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची स्वतःची इमारत उभी राहिली, कर्ज काढून. व्याज भागवण्यासाठी बुवा गावोगाव गात फिरले. इकडे मन रामनामाकडे ओढत होतं आणि तिकडे हप्ते थांबत नव्हते. शेवटी इमारत लिलावात गेली. बुवा नाशिकला रामनाम आधाराश्रमात राहिले आणि 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत गेले. संस्थानिकांचा आश्रय नाकारून लोकांच्या पैशावर उभी केलेली शाळा सावकाराच्या पैशापुढे टिकली नाही. क्लास चालवणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे, आणि बहुतेकांनी ती न वाचताच लक्षात ठेवली आहे. म्हणून तर आजही क्लास शाळेच्या रिकाम्या वर्गात, देवळाच्या सभागृहात किंवा स्वतःच्या दिवाणखान्यात भरतो. स्वतःची इमारत बांधायचा विषय निघाला की ताई हसून चहा टाकायला उठतात.

इमारत गेली, पण उपदेशक वर्गाची माणसं राहिली होती. त्यातल्या बी. आर. देवधरांनी 1925 मध्येच मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढलं होतं. पुढे कुमार गंधर्व याच शाळेत शिकले. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गांधीजींकडे गेले. विनायकबुवा पटवर्धन गंधर्व नाटक मंडळीत होते. ते रंगभूमी सोडून पुण्यात आले आणि 8 मे 1932 रोजी त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. पुण्याला हे नवं नव्हतं. भास्करबुवा बखल्यांनी 1911 मध्येच तिथे भारत गायन समाज स्थापन केला होता. पण विनायकबुवा आणि त्यांच्या गुरुबंधूंनी आणखी एक काम केलं. 1931 मध्ये त्यांनी मिळून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. एका मोठ्या इमारतीच्या जागी शेकडो छोट्या खोल्या, आणि त्यांना जोडणारी एकच परीक्षा.

प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद, अलंकार. ही नावं महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत इयत्तांसारखी बोलली जातात. वर्षाकाठी दोन सत्रं, परीक्षा केंद्र, केंद्र व्यवस्थापक, बाहेरगावचे परीक्षक. सरकारी अनुदान नाही, संस्थानिक नाही, सावकारही नाही. परीक्षा फीच्या छोट्या छोट्या रकमांवर सगळा गाडा चालतो. तबकाचा हिशोब पुन्हा एकदा नव्या रूपात आला.

त्याच काळात दुसरी एक वाट पंडित भातखंड्यांनी आखली होती. ते पेशानं वकील, पोट गाण्यावर नव्हतं. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग त्यांनी मराठीत लिहिले, राग दहा थाटांत लावले, गवयांच्या घरात कुलुपबंद असलेल्या चिजा ‘क्रमिक पुस्तक मालिके’तून बाहेर काढल्या. शाळांसाठी त्यांनी राजे आणि सरकार यांचं बळ घेतलं. 1918 मध्ये ग्वाल्हेरचं माधव संगीत विद्यालय, 1926 मध्ये लखनौचं मॅरिस कॉलेज. विद्यापीठांमधले संगीत विभाग आणि तिथले पगारी प्राध्यापक या वाटेवरचे. गल्लीतला क्लास मात्र पलुसकरांच्या वाटेवरचा, स्वतःच्या जबाबदारीवर चालणारा.

दोन्ही वाटा एकत्र भेटतात त्या मुलांच्या वहीत. भातखंडे पद्धतीत समेखाली × आणि खालीच्या मात्रेला शून्य. पलुसकर पद्धतीत समेला 1 आणि खालीला +. म्हणजे एका वहीत जी फुली ‘इथे ये’ म्हणते, तिच्यासारखीच खूण दुसऱ्या वहीत ‘इथे हात उघडा’ म्हणते. मंद्र सप्तकासाठी एकाचा टिंब स्वराखाली, तर दुसऱ्याचा स्वराच्या डोक्यावर. एका क्लासमधून दुसऱ्यात आलेला मुलगा आठवडाभर गोंधळतो. ताई त्याची वही उघडतात, लाल पेननं एक फुली गोल करतात आणि बोटांवर तीनताल मोजून दाखवतात. दोन थोर माणसांच्या मतभेदाचा निवाडा असा रोज संध्याकाळी, सतरंजीवर, पाच मिनिटांत होतो.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत हे क्लास वाड्यांत आणि चाळींत, मग ब्लॉकच्या हॉलमध्ये भरू लागले. चालवणाऱ्यांमध्ये बायका वाढल्या. ज्या घरांतल्या मुलींना गाणं शिकवणं एकेकाळी शोभत नव्हतं, त्याच घरांतल्या सुना घराच्या बाहेरच्या खोलीत वर्ग घेऊ लागल्या. तंबोरा मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून यायचा. पेटी आकाशवाणीनं 1940 पासून तीसेक वर्षं दूर ठेवली, पण क्लासला तिच्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. वीस मुलांना एका सुरात धरायचं तर काळी चार दाबून ठेवणारी पेटीच हवी. पुढे बंगळूरच्या जी. राज नारायण यांचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, आता मोबाईलमध्ये तानपुराही आहे आणि तबलाही. गवसणीतला तंबोरा बहुधा गुरुपौर्णिमेलाच बाहेर निघतो.

अलीकडे आणखी एक पान जोडलं गेलं. शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळू लागले. आठवी-नववीत अचानक पालक येतात आणि विचारतात, ‘दहावीच्या आत मध्यमा होईल ना?’ ताईंना हे आवडत नाही, पण त्या नाही म्हणत नाहीत. गुणांसाठी आलेला मुलगा यमनाच्या तीव्र मध्यमावर अडकून राहिला, असं त्यांनी पाहिलं आहे. आणि गुणांसाठी आलेल्या दहा मुलांच्या फीवर गाण्यासाठी आलेला एक मुलगा शिकतो, हेही त्यांना ठाऊक आहे.

त्या रविवारी ताई उठून जाहिरातीचा फोन करायला गेल्या, तेव्हा मी पावतीपुस्तक चाळलं. स्थळप्रतींवर ओळीनं नावं, महिना, रक्कम. मधेच एका नावापुढे महिना लिहिलेला, पण रकमेच्या जागी आडवी रेघ. चार पानांनी पुन्हा तेच नाव, तीच रेघ. असं वर्षभर.

‘ही कोण?’ ताई परत आल्यावर मी विचारलं.

त्यांनी हनुवटीनं आतल्या खोलीकडे खूण केली. परकरी वयाच्या सात-आठ मुली भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि विशीतली एक मुलगी पेटीवर सा धरून त्यांच्याकडून पलटे घोटून घेत होती.

‘प्रारंभिकचा वर्ग तीच घेते,’ ताई म्हणाल्या, आणि पुढच्या पावतीखाली कार्बन सरकवला.