‘शोध’ या शब्दाविषयीं

‘शोध’ हा शब्द मराठींत इतका घरगुती झाला आहे कीं, त्याचा अर्थ कोणास विचारावा लागत नाहीं. हरवलेल्या वस्तूचा आपण शोध घेतों. पोलीस चोराचा शोध करितात. विजेच्या दिव्याचा शोध लागतो. आणि घरांतील एखाद्या पोरानें सर्वांस ठाऊक असलेली गोष्ट मोठ्या आविर्भावानें सांगितली म्हणजे ‘मोठा शोध लावलास!’ असें आपण हंसून म्हणतों. या शेवटच्या थट्टेंत शब्दाची खरी कसोटी दडलेली आहे, असें आम्हांस वाटतें. जें सर्वांस ठाऊक आहे, तें सांगणें हा शोध नव्हे.

शब्दाचें मूळ पाहूं. संस्कृत ‘शुध्’ धातूचा अर्थ स्वच्छ होणें. वैद्य पाऱ्याचें शोधन करितो, तें त्यांतील दोष जावे म्हणून. हिंदींत ‘संशोधन’ म्हणजे आजहि दुरुस्तीच. आपण जिला घटनादुरुस्ती म्हणतों, तिला तेथें ‘संविधान संशोधन’ म्हणतात. मराठीनें हा शब्द विद्येच्या क्षेत्रांत नेला. इ. स. १९१० मध्यें इतिहासाचार्य राजवाडे प्रभृतींनीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें, त्या नांवांत हा नवा अर्थ आहे. पण जुना अर्थ त्यांतून गेलेला नाहीं. बखरींतील कथनें अस्सल पत्रांशीं ताडून पाहावयाचीं व चुकीचें तें काढून टाकावयाचें, ही राजवाड्यांची पद्धत म्हणजे इतिहासाचें शोधनच होय.

मराठीची दुसरी एक गंमत क्रियापदांत आहे. शोध ‘घेणें’ हें माणसाच्या हातचें. शोध ‘लागणें’ हें त्याचें फळ, आणि तें येईलच असें नाहीं. एकाच नामानें आपण धडपडहि सांगतों व प्राप्तीहि. शिवाय मुळांत असलेलें सांपडलें तरी शोध, आणि नसलेलें नव्यानें घडविलें तरी शोधच. हिंदीनें यासाठीं ‘खोज’ व ‘आविष्कार’ असे दोन शब्द ठेविले. आपण ‘आविष्कार’ कलावंतास देऊन टाकिला. त्यामुळें अमेरिका व वाफेचें यंत्र या दोहोंचाहि मराठींत शोधच लागतो. त्यांपैकीं अमेरिकेंत कोलंबसापूर्वीं माणसें नांदत होतीं, हें मात्र वाक्यांत कोठें दिसत नाहीं.

हा घोटाळा समजून घेण्यास म्हसळ्यापासून फार दूर जावयास नको. राजपुरीच्या खाडीचा एक फांटा म्हसळ्याकडे येतो. दुसरा मांदाडकडे जातो, आणि त्याच्या कांठीं कुडें येथें सव्वीस बौद्ध लेणीं आहेत. हीं लेणीं ‘शोधून काढलीं’ असें कोणी लिहिल्यास आसपासच्या गांवकऱ्यांनीं हंसावें; डोळ्यांसमोरचा डोंगर त्यांस कोणीं दाखवावा? परंतु लेण्यांतील अक्षरें मुकीं होतीं. १८३७ सालीं कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यानें ब्राह्मी लिपीचा उलगडा पुरा केला. पुढें १८८१ मध्यें बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या ग्रंथांत कुड्याचे लेख छापून आले. तेव्हां कळलें कीं, या दानांत मांदव कुळांतील महाभोजांचा परिवार आहे, तसाच कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, आणि एक माळीहि आहे. कोरीव लेणें दिसलें कीं तें पांडवांचें म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात. तो भ्रम येथें धुतला गेला. लेणीं जुनींच, शोध लागला तो त्यांच्या वाचनाचा.

याची उलट बाजू हळदीच्या प्रकरणांत दिसली. जखमेवर हळद दाबणें हें कोंकणांतील प्रत्येक आजीस ठाऊक. पण १९९५ सालीं अमेरिकेंत त्याच गुणाबद्दल पेटंट दिलें गेलें. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनें तें आव्हानिलें व १९९७ मध्यें तें रद्द झालें. तेथील तत्कालीन कायद्यास परक्या देशांतील नुसती वहिवाट पुरेशी नव्हती. लेखी आधार हवा होता. म्हणून जुन्या ग्रंथांतील उल्लेख आणि १९५३ सालचा एक छापील निबंध पुढें ठेवावा लागला. आजीचें ज्ञान खरें होतें, परंतु तें टिकलें कागदाच्या बळावर. ज्या समाजाचें ज्ञान लिहिलेलें नाहीं, त्याचें तेंच ज्ञान उद्यां दुसऱ्याचा ‘नवा शोध’ म्हणून त्यास विकत घ्यावें लागेल.

म्हणून ‘नवा शोध’ हे शब्द वाचतांना आमच्या वाचकांनीं दोन प्रश्न विचारावे. हा नवा कोणास? आणि यानें कोणती चूक धुऊन निघाली? पहिल्या प्रश्नानें गांवकऱ्यांचा व आजीचा मान राहतो. दुसऱ्यानें विद्वानाचे श्रम कशांत आहेत तें कळतें. दोन्ही उत्तरें समाधानकारक आलीं, तर शोध लागला असें खुशाल म्हणावें. न आलीं, तर शोध अजून चालूं आहे असें म्हणावें. त्यासाठींहि आपल्याजवळ तोच शब्द आहे.