नकाराला अपील असते

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. खानापूर तालुक्याच्या जंगलकडेचा एक शेतकरी कापडी पिशवीत कागद घालून माझ्याकडे आला. वडील वारले तेव्हा त्यांच्या नावावरची ठासणीची बंदूक त्याने नियमाप्रमाणे पोलिस ठाण्यात जमा केली होती आणि वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज केला होता. त्यानंतर दोन सुग्या उलटल्या, पण कचेरीतून होकार नाही की नकार नाही. भात पोटरीला आले की रानडुकरे उतरत आणि हा गृहस्थ राखणीच्या माळ्यावर बसून रात्रभर पत्र्याचा डबा बडवी. कागद सगळे कानडीत. ते वाचून घ्यायला म्हणून तो आला होता. जाताना म्हणाला, "नको म्हणून सांगिटलं तरी चालतंय मास्तर, खरं काय ते सांगूंदेत की."

त्याचे ते वाक्य मनात राहिले. हत्यारासाठी वाट पाहणे ही आपल्या मुलखाला नवी गोष्ट नाही, हे ते कागद चाळताना पुन्हा जाणवले.

१८५७ च्या उठावानंतर कंपनी सरकारने हत्यारे जमा करण्याचा कायदा केला. मुधोळच्या घोरपड्यांच्या संस्थानातील हलगलीचे बेडर त्या हुकुमाला आडवे गेले. शिकार आणि राखण ही त्यांची रोजीरोटी; हत्यार देणे म्हणजे हातच तोडून देणे होते. नोव्हेंबर १८५७ मध्ये इंग्रज फौजेने गाव वेढून जाळले आणि पुढे १९ जणांना फाशी दिले. या प्रसंगावरची कानडी लावणी पुढे फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्यानेच छापून प्रसिद्ध केली. लावणी हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत आहे, आणि हलगलीचे दुःखही दोन्ही भाषांचे आहे.

पुढे लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा आला. देशी वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदाही त्याच वर्षीचा. रिपनने १८८२ मध्ये वृत्तपत्रांना मोकळे केले, पण शस्त्र कायदा राहिला तो राहिलाच. हिंदी माणसाला परवाना लागे आणि गोऱ्यांना नियमांतून सूट मिळे. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी आयर्विनपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मिठावरचा कर रद्द करण्याबरोबर स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने देण्याचीही मागणी होती. मीठ सगळ्यांच्या लक्षात राहिले, बंदूक मात्र विसरली गेली. आणि या मुलखाच्या दक्षिणेला कोडगूत जम्मा जमीनधारकांना व कोडवांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे. ती २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढवली गेली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. म्हणजे एकाच राज्यात कुणी वाट पाहतो आणि कुणाला वाटच पाहावी लागत नाही. कारण एवढेच की इतिहास दोघांना वेगळा भेटला.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा; तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. इंग्रजांचा कायदा प्रजेवरच्या संशयातून जन्मला होता. नव्या कायद्याने संशय पुरता टाकला नाही, पण अर्जदाराच्या हाती काही कागदी हत्यारे दिली. पिकाच्या राखणीसाठी खरोखर ठासणीची बंदूक हवी असेल आणि कायद्यात सांगितलेली अडचण नसेल, तर परवाना द्यावा असे कलम १३ म्हणते. अर्जदाराची मालमत्ता पुरेशी नाही एवढ्यावरून नकार देता येत नाही, असे कलम १४ सांगते. नकार द्यायचा तर कारणे लेखी नोंदवायची, आणि अर्जदाराने मागितली तर, सार्वजनिक हिताला बाध येत नसेल तेव्हा, त्याला द्यायची. त्या नकारावर कलम १८ खाली अपील आहे. त्याची मुदत तीस दिवस.

आता गंमत पाहा. अपील असते ते हुकुमावर. हुकूमच निघाला नाही तर अपील कशावर करायचे? नकाराला अपील आहे, मौनाला नाही. म्हणूनच १९८३ च्या दुरुस्तीने कायद्यात एक तरतूद घातली. पोलिसांचा अहवाल ठरल्या मुदतीत आला नाही, तर त्याची वाट न पाहता परवाना अधिकाऱ्याला निर्णय देता येतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनी पोलिस अहवालाला तीस दिवस आणि अहवाल हाती आल्यावर निर्णयाला साठ दिवस अशी मुदत घातली. तरीही कागद हलला नाही तर घटनेच्या २२६ व्या कलमाखाली उच्च न्यायालयात जाऊन 'अर्जावर निर्णय द्या' असा आदेश मागता येतो. न्यायालय सहसा परवाना देत नाही, पण अधिकाऱ्याला बोलायला लावते.

मुदत संपली की होकारच धरावा, असे काहींना वाटते. अमेरिकेत तसे आहे. तिथे १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने पिस्तूल घेणाऱ्याला पाच दिवस थांबवले. १९९८ च्या अखेरीस त्याजागी संगणकावरची चौकशी आली. तीन कामकाजी दिवसांत उत्तर आले नाही तर दुकानदाराला विक्रीची मुभा मिळते. चुकीचा नकार मिळाला तर तिथल्या माणसाला नोंद दुरुस्त करून मागता येते, न्यायालयातही जाता येते. पण जून २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना ठार मारणाऱ्या तरुणाने पिस्तूल घेतले ते याच फटीतून. त्याची चौकशी पुरी झाली नव्हती आणि दिवस भरले होते. २०२२ च्या कायद्याने एकवीस वर्षांखालच्या खरेदीदारांपुरती ही मुदत वाढवता येण्याची सोय झाली. तेव्हा थांबायला लावणे हे सारेच जुलमाचे नसते. रागाच्या भरात दुकान गाठणाऱ्याला चार दिवस थांबवले तर एखादा जीव वाचेल. वाईट आहे ते शेवट नसलेले थांबणे. कारण त्यात चौकशीही होत नाही आणि न्यायही.

आपल्या कायद्याने मधला मार्ग धरला, आणि तो मला बरा वाटतो. मौन म्हणजे होकार नव्हे. पण मौन पाळण्याचा हक्कही कुणाला नाही.

त्या शेतकऱ्याला मी कानडीत चार ओळींचा अर्ज लिहून दिला. अहवालाची मुदत टळली आहे, निर्णय द्यावा; नकार असल्यास कारणे लेखी द्यावीत. तेवढेच. सीमाभागात भाषेवरून आपण पुष्कळ भांडलो, आणि ते भांडण मला खोटे वाटत नाही. मराठीत कागद मागण्याचा आग्रह मी सोडलेला नाही. पण समोरच्या टेबलाला त्याच्या भाषेत कायद्याचे कलम सांगता येणे हीही एक ताकद आहे, आणि ती आपल्या पोरांना आपण द्यायला हवी.

महिन्याभरात उत्तर आले. नकारच होता. बंदूक सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला जोडलेला नाही, एवढेच कारण. इतके दिवस अडलेली गोष्ट ही! मला राग आला, पण तो गृहस्थ हसला. "आता कळ्ळं की," म्हणाला. त्याने प्रशिक्षण घेतले, दाखला जोडला, मुदतीत अपील केले. प्रकरण फेरविचारासाठी परत आले आणि परवाना मिळाला.

ठाण्यातून बंदूक सोडवून आणली तेव्हा नळीला गंज चढला होता. रानडुकराला मारायचे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी लागते, हे मी त्याला बजावून सांगितले. मारायचे नाहीच, आवाज काढला की पुरे, असे त्याने उत्तर दिले. त्या सुगीला नव्या भाताचे पोहे घेऊन तो आला. माळ्यावरचा पत्र्याचा डबा अजून तिथेच टांगलेला आहे, असेही सांगून गेला.